अझोला: ८ महिने, २ खड्डे आणि एक तराजू

२ गाई आणि ४० अंड्यांवरच्या कोंबड्या, एवढाच माझा पसारा. पेंडीचा आणि भरड्याचा खर्च थोडा तरी आवरावा म्हणून ८ महिन्यांपूर्वी अझोला हे पाण्यावर तरंगणारं नेचं लावलं. तेव्हा सगळीकडून कानावर पडायचं ते असं : यात २०-२५ टक्के प्रथिनं असतात, चांगल्या हवेत तो ४-५ दिवसांत दुप्पट होतो आणि निम्मा खुराक वाचतो. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरीनं माझी अंडी घालवली.

आधी लावणीचं सांगतो, कारण ते खरंच सोपं आहे. प्रत्येकी ४ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असे २ उथळ खड्डे, आत प्लास्टिकचा कागद, त्यावर चाळलेली माती, शेणकाला, थोडं सुपर फॉस्फेट आणि वर वीतभरापेक्षा कमी पाणी. युरिया लागत नाही. अझोल्याच्या पानांच्या पोकळीत अ‍ॅनाबिना नावाचं नीलहरित शेवाळ राहतं आणि ते हवेतला नत्र धरून देतं. स्फुरद (फॉस्फरस) मात्र आपणच द्यावं लागतं. ते कमी पडलं की पानं तांबूस होतात आणि वाढ खुंटते. थंडीतही तोच रंग येतो, त्यामुळे पहिल्यांदा मी उगाच फॉस्फेट ओतत बसलो होतो. रोग नव्हता, नुसती हवा गार झाली होती.

दोन्ही खड्ड्यांतून मिळून रोज सरासरी दीड किलो ओला अझोला निघतो. ढीग पाहून छाती फुगते. त्याच भरात मी कोंबड्यांचं खाद्य रोज ८०० ग्रॅमनं कमी केलं आणि तेवढ्याच वजनाचा अझोला त्यात मिसळला. माझ्या मते, हिशोब चोख! पहिला आठवडा काही जाणवलं नाही. तिसऱ्या आठवड्यात रोजची ३१-३२ अंडी २४ वर आली आणि कवचं इतकी पातळ की उचलताना बोट आत जायचं. आधी जंतांवर संशय घेतला, मग उजेडावर, मग खाद्याच्या पोत्यावर. अझोल्यावर शेवटी.

एका संध्याकाळी वैतागून बरोबर १ किलो ओला अझोला तोलला आणि सावलीत पसरून कुरकुरीत होईपर्यंत वाळवला. परत तोलला तर भरला ७० ग्रॅम. बाकी सगळं पाणी! ते २०-२५ टक्के प्रथिनं या ७० ग्रॅममधले. म्हणजे माझ्या दीड किलोच्या ढिगात कोरडा माल १०५ ग्रॅम आणि प्रथिनं जेमतेम २३ ग्रॅम. तेवढी प्रथिनं ५० ग्रॅम सोयाबीन पेंडीत मिळतात. एक मूठ पेंड! आणि मी रोज ८०० ग्रॅम कोरडं खाद्य काढून त्या जागी ५६ ग्रॅम कोरडा माल देत होतो. कोंबड्या बिचाऱ्या उपाशी राहत होत्या आणि मी त्यांच्यासमोर हिरवा ढीग टाकून समाधानानं उभा राहत होतो.

कवचाचंही तेच. अंड्यांवरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते ४ टक्के कॅल्शियम असतं, कारण एका कवचातच सुमारे २ ग्रॅम जातं. खाद्य कापलं की कॅल्शियमही कापलं जातं. बरं, ते ८०० ग्रॅम खाद्य कोरड्या वजनानं खरोखर भरून काढायचं तर १० किलोच्या आसपास ओला अझोला लागेल, म्हणजे एका कोंबडीला पाव किलो. तिची अन्नाची पिशवी ती केवढी! शिवाय त्यात तंतू बरेच, आणि मेथिओनिन हे जे अमिनो आम्ल सोयाबीन पेंडीत कमी पडतं, ते अझोल्यातही कमीच.

खाद्य पूर्ववत केलं, वरून शिंपल्यांचा चुरा ठेवला. अंडी जागेवर यायला ३ आठवडे लागले.

गाईंची गोष्ट वेगळी, पण निष्कर्ष तोच. पहिले काही दिवस त्या वास घेऊन तोंड फिरवायच्या, आंबोणात मिसळलं तरी. चूक माझीच. शेणकाल्यातून काढलेला अझोला चाळणीत घेऊन ३-४ पाण्यांनी धुवावा लागतो. नीट धुऊन, थोड्या भरड्यात कालवून दिल्यावर आठवड्याभरात खायला लागल्या. आता आवडीनं खातात. दूध वाढलं का? नाही. दिवसाला १०-१२ किलो कोरडा चारा-खुराक खाणाऱ्या जनावराला मी ५० ग्रॅम कोरडा माल देत होतो, दूध वाढेल कशानं?

मग हे सगळं फुकट गेलं का? नाही, आणि इथे मला अझोल्याची बाजू घ्यावीशी वाटते. खाद्य पुरतं ठेवून वरून प्रत्येक कोंबडीला १५-२० ग्रॅम ताजा अझोला द्यायला लागलो, तसा बलक फिकट पिवळ्याचा गर्द केशरी झाला. ही त्यातल्या कॅरोटीन वर्गातल्या रंगद्रव्यांची किमया. कोंबड्या एकमेकींची पिसं टोचायच्या, तेही कमी झालं, कारण आता दुपारी त्यांना निवडत बसायला काहीतरी असतं. हा माझा अंदाज आहे, पण रोज पाहतो त्यावरून सांगतो.

कष्टांबद्दल कोणी बोलत नाही म्हणून हेही लिहितो. रोज काढावाच लागतो. ४ दिवस गावाला गेलो तर थरावर थर चढून खालचा सडला होता आणि पाण्याला असह्य वास मारत होता. कडक उन्हाळ्यात, पारा ३५ च्या वर गेल्यावर, एक खड्डा ८ दिवसांत करपला. दुसऱ्यावर हिरवी जाळी होती, तो वाचला. गोगलगायी येतात, अळ्या पडतात. दर १०-१२ दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदलायचं आणि पुन्हा शेणकाला द्यायचा. सांडपाण्यावर मात्र चुकूनही वाढवू नका. हे नेचं पाण्यातले जड धातू शोषून घेतं आणि ते थेट जनावराच्या पोटात जातात.

सध्या गाईंचा अझोला बंद केला आहे आणि एक खड्डा रिकामा करून त्यातला गाळ भाजीच्या वाफ्यात घातला. दुसरा कोंबड्यांसाठी चालू आहे, त्यातून त्यांचे पाऊण किलो निघतात. चाळणी बादलीवर आपटल्याचा आवाज आला की सगळ्या जाळीपाशी गोळा होतात. पेंड पूर्वीइतकीच आणतो.