वडिलांचं 'जनता' नऊ महिने वापरल्यावर

गुढीपाडव्याला वडिलांचं एचएमटी जनता मनगटावर बांधलं. आता डिसेंबर लागला, आणि एखाद-दुसरा आठवडा सोडला तर ते रोज हातावर आहे. चावीचं घड्याळ, १७ ज्वेल्स (आतली झीज कमी करणारे बारीक खडे), पांढरी डायल. तारीख नाही, वार नाही. १९८२ साली लग्नात आईच्या वडिलांनी जावयाला दिलेलं. वडील ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे विमान कारखान्यात होते. सकाळची बस चुकायला नको म्हणून रात्री जेवणं झाली की ते चावी द्यायचे, आणि तो कर्रर्र आवाज ऐकला की आम्हा भावंडांना कळायचं, आता दिवा बंद होणार. ते गेल्यावर सहा वर्षं घड्याळ कपाटात आईच्या बांगड्यांच्या डब्यात पडून होतं.

माझ्या हातावर बघून कंपनीतल्या दोघातिघांनी घरातली जुनी घड्याळं शोधून काढलीत, आणि रोज वापरता येतं का, असं विचारत असतात. म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात अवघड काम घड्याळ वापरणं नाही, ते चालू करून देणारा माणूस शोधणं. चावी फिरत होती, काटे जागचे हलत नव्हते. आधी इथे नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका शोरूममध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने उलटसुलट बघून विचारलं, "काका, याचा सेल कुठून टाकायचा?" त्याचा काही दोष नाही. टायटनची कंपनी १९८४ साली आली ती सेलवरची घड्याळं घेऊनच, आणि हा मुलगा जन्मला तोवर चावीचं घड्याळ लोकांच्या हातावरून गेलेलं होतं. मग मेन रोड आणि रविवार कारंजा पालथा घातला. लहानपणी वडिलांचं बोट धरून ज्या तीन दुकानांत गेलो होतो, त्यातल्या दोन ठिकाणी आता मोबाइलची कव्हरं मिळतात आणि तिसऱ्याचं शटर बंद. शेवटी भद्रकालीत एका जिन्याखाली दीड-दोन फुटांचं काउंटर सापडलं. सत्तरी ओलांडलेले काका, डोळ्याला भिंग, समोर उपड्या काचेच्या ग्लासाखाली कुणाचं तरी उघडलेलं घड्याळ. ग्लास धूळ बसू नये म्हणून. त्यांनी मागचं झाकण काढलं, क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "काही तुटलेलं नाही. तेल सुकून गोंद झालंय. चार दिवसांनी या."

सगळं सुटं करून, धुऊन, नवं तेल घालून सातशे रुपये झाले. चामड्याचा पट्टा अडीचशे. 'सर्व्हिसिंग' हा शब्द आपण एवढा वापरतो, पण एकेक चाक धुऊन परत तिथेच बसवणं म्हणजे काय, हे तिथे स्टुलावर बसून पाहिलं. मी स्वतः अंबडला एका कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात आहे, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात काम करतो, तरी त्या चिमट्यापुढे माझा हात जड वाटला.

आता वेळेचं. सुरुवातीला दिवसाला दीड मिनिट पुढे पळायचं. काकांनी आतला छोटा दांडा केसभर सरकवला, तेव्हापासून पंचवीसेक सेकंद पुढे जातं. रविवारी सकाळी मोबाइलवर बघून लावून घेतो. सेलचं साधं घड्याळ महिन्याला साधारण पंधरा सेकंद चुकतं, त्यामुळे अचूकपणात तुलनाच नाही. कारण सरळ आहे. यातलं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे डोलणारं चाक, सेकंदाला ५ ठोके देतं, सेलच्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. १९६९ साली सेइकोने असलं पहिलं हातघड्याळ बाजारात आणलं, तिथेच अचूकपणाची लढाई संपली. पंचवीस सेकंदांनी माझं आजवर काही अडलेलं नाही, पण ज्याला लोकल गाठायची असते त्याने हे धरून चालावं.

चावी सकाळी चहाच्या वेळी देतो. पंचवीस-तीस वळसे, घट्ट लागलं की थांबायचं. एकदा दिली की दीड दिवस चालतं. शनिवारी देऊन रविवारी विसरलो तर रविवारी दुपारपर्यंत तग धरतं, संध्याकाळी थांबलेलं असतं.

मोठी अडचण जूनमध्ये आली, आणि ती माझ्याच हाताने. लेथवर उभं राहताना हातात घड्याळ, अंगठी, कडं काही ठेवायचं नसतं, हा आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. म्हणून घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचो. एका आठवड्यात ते दिवसाला दहा-बारा मिनिटं पुढे जायला लागलं. मला वाटलं, गेलं. काकांनी ते हातात घेतलं, खणातून एक लहान होकायंत्र काढलं आणि त्याच्यावर धरलं. सुई थरथरली. "लोहचुंबकाजवळ ठेवता का कुठे?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ड्रॉवरमध्ये शेजारीच डायल गेजचा (मोजमापाच्या उपकरणाचा) चुंबकाने चिकटणारा मॅग्नेटिक स्टँड असतो. घड्याळातली, बॅलन्स व्हीलला डोलवणारी हेअरस्प्रिंग केसासारखी बारीक. तिला चुंबकत्व आलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावत सुटतं. उपाय अर्ध्या मिनिटाचा. ग्राइंडिंगवरून आलेल्या जॉबचं, म्हणजे घासून आलेल्या लोखंडी तुकड्याचं चुंबकत्व काढायला आमच्याकडे असतो तसलाच छोटा डिमॅग्नेटायझर त्यांच्याकडे होता. रोज हेच काम करणाऱ्या माझ्या लक्षात ते यायला हवं होतं. मोबाइलचा स्पीकर, पर्सचं चुंबकाचं बटण, यांच्यापासूनही लांब ठेवा. आता घड्याळ रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवतो.

दुसरी अडचण पाणी. जुलैत त्र्यंबकला गेलो, तिथला पाऊस सांगायला नको. रेनकोटची बाही वर सरकली आणि घरी येईपर्यंत काचेच्या आतून वाफ धरलेली. लगेच उघडून वाळवून घेतलं म्हणून गंज वाचला. जून ते सप्टेंबर नाशिकमध्ये हे घड्याळ बाहेर जाताना घालू नये, हे माझं स्पष्ट मत. घरात, ऑफिसात चालेल. काच प्लास्टिकची असल्याने ओरखडे पटकन पडतात, आणि टूथपेस्टने घासून तितकेच पटकन जातात. माझ्या डायलवर रेडियम नाही, रात्री लाइट गेले की काही दिसत नाही.

आधी दोन वर्षं माझ्याकडे स्मार्टवॉच होतं. पावलं मोजायचं, ते आवडायचं. पण दर दोन दिवसांनी चार्जिंग, आणि जेवताना मनगट थरथरलं की नजर तिकडे. वेळ बघायला खिशातून मोबाइल काढला तरी तेच. किती वाजले हे बघून परत खिशात ठेवला आणि पुन्हा काढला, कारण मेसेजच बघितले, वेळ बघितलीच नाही, असं माझं कित्येकदा झालंय. आता तसं होत नाही. एवढा फरक मला नऊ महिन्यांत नक्की जाणवला.

आणखी एक गोष्ट झाली, जिची मी अपेक्षा केली नव्हती. नाशिकच्याच द्वारका चौकात सिटीलिंक बसच्या थांब्यावर एका आजोबांनी माझ्या हाताकडे बघून विचारलं, "किती वाजले ओ?" हा प्रश्न मला किती वर्षांनी कोणी विचारला, आठवेना. पूर्वी रस्त्यात दिवसातून चारदा ऐकू यायचा. वेळ सांगितली, मग त्यांनी स्वतःच्या एचएमटीची हकिकत सांगितली, बस येईपर्यंत.

आमच्या पिढीत दहावी पास झालं की घड्याळ मिळायचं. या मे महिन्यात भाच्याला 'नीट'च्या केंद्रावर सोडायला गेलो, तिथे घड्याळ आत नेताच येत नाही. कॉपीची साधनं बघता नियम बरोबर आहे. पण एवढ्या मोठ्या परीक्षेला पोराच्या हातावर काही नाही, हे बघून मला वाईट वाटलं.

आमच्या टूलरूममधला सगळ्यात जुना लेथही एचएमटीचा. १९५३ साली मशीन टूल्ससाठी निघालेल्या या सरकारी कारखान्याने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर बंगळूरला घड्याळं सुरू केली, आणि २०१६ मध्ये सरकारने घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. लेथ अजून शिफ्टला चालतो. घड्याळाचे सुटे भाग मात्र आता जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात. म्हणून घरात असेल तर जरूर चालू करा, विकत घेणार असाल तर आधी दुरुस्त करणारा गाठा, मग घड्याळ. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्यांत डायल नव्याने रंगवलेली आणि आतला माल तीन घड्याळांचा, असंही निघतं.

दिवाळीच्या आधी पट्टा बदलायला गेलो तेव्हा काकांनी कागदाची एक पुडी हातात ठेवली. आत बंद पडलेलं दुसरं जनता, काच फुटलेली, एक काटा नाही. "बॅलन्स चांगला आहे याचा. तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं, पण माझ्याकडे नको. मी रोज येईनच असं नाही." पैसे विचारले तर पन्नास म्हणाले. पुडी बांगड्यांच्या डब्यात ठेवली आहे, वर पेनाने लिहून: जनता, बॅलन्स ठीक.