‘ईएलसीबी प्रोव्हिजनसह’: डीबीच्या कामात मी कसा फसलो

‘टीपीएन डीबी, ८ वे, डबल डोअर, नामांकित कंपनी, ईएलसीबी प्रोव्हिजनसह, फिटिंगसकट.’

कोटेशनमधली ही ओळ मला आता पाठ झाली आहे. टीपीएन डीबी म्हणजे थ्री फेजची वीज वेगवेगळ्या वायरींना वाटून देणारा खटक्यांचा डबा, ईएलसीबी म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी वस्तू. दोन वर्षांपूर्वी वाचली तेव्हा तिच्यात मला सगळं काही दिसलं होतं. आज वाचली की कळतं, तिच्यात काहीच नव्हतं. नामांकित कंपनी म्हणजे कुठली, ते नाही. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारे खटके) किती आणि किती अँपिअरच्या, ते नाही. आणि ‘प्रोव्हिजनसह’ या शब्दाने तर माझा पुरता घात केला. त्याबद्दल पुढे सांगतोच.

कराडात वडिलांच्या जुन्या घराच्या जागेवर आम्ही खाली चार गाळे आणि वर एक हॉल बांधला. एका गाळ्यात माझं किराणा दुकान, तीन भाड्याने दिलेले, वरचा हॉल क्लासवाल्यांकडे. गाळ्यांना सिंगल फेजचे वेगवेगळे मीटर, हॉलला मात्र थ्री फेज, कारण तिथे एसी, कूलर, प्रोजेक्टर असा पसारा. मंजूर भार १५ किलोवॅट. बांधकामात मी सळई काट्यावर चढवून घेतली, विटांची गाडी स्वतः उभं राहून मोजली. लाइटच्या कामाला मात्र मी आंधळा. चालू केलं आणि दिवा लागला म्हणजे काम झालं, एवढीच माझी समज.

तीन कोटेशनं आली. सगळ्यात कमी आकडा मेहुण्याच्या ओळखीतल्या एका कंत्राटदाराचा. बोलणं गोड, मला काका, बायकोला काकू. “लोहार चाळीतनं डायरेक्ट उचलतो काका, मधे कोणी नाही.” (लोहार चाळ म्हणजे मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार. तिथे खरा माल विकणारे जुने व्यापारी आहेत, त्यांना मी उगाच नावं ठेवत नाही. याने तिथलं एकही बिल मला दाखवलं नाही, एवढंच.) नमुना म्हणून त्याने डीबीचा डबा आणला. पांढराशुभ्र, दारावर मोठ्या कंपनीचं नाव. मी दारावरून हात फिरवला आणि खूश झालो. आत तेव्हा काहीच नव्हतं, डबा रिकामा होता.

मग म्हणाला, “पक्कं बिल करायचं का? १८ टक्के जीएसटी उगाच जाईल तुमचा.” इथे मी साळसूदपणाचा आव आणणार नाही. माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. सगळा व्यवहार साध्या कागदावर झाला. महावितरणला द्यायच्या टेस्ट रिपोर्टवर ज्या लायसन्सवाल्याची सही आहे, तो माणूस मी आजतागायत पाहिलेला नाही.

पहिल्याच जुलैत क्लासमधल्या एका मुलीला वॉटर कूलरच्या नळाचा करंट बसला. हात झटकला गेला म्हणून निभावलं. मी फोन केला तर म्हणाला, “पावसाळा आहे काका, ओलीमुळं थोडं जाणवतं.” आणि मी ते ऐकून घेतलं! पुढच्या उन्हाळ्यात डीबीजवळ करपल्याचा वास यायला लागला. दोन एसी एकाच अडीच एमएमच्या वायरवर होते. त्यांची १६ अँपिअरची एमसीबी सारखी पडायची, म्हणून त्याच्या वायरमनने तिथे ३२ची घातली. पडायचं बंद झालं. मी त्या पोराला वर शंभर रुपये चहापाण्याला दिले होते.

माझी भाची आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवते. मे महिन्यात घरी आली होती. वासाचं सांगितलं तर जेवणाआधीच वर गेली. डबा उघडला, बराच वेळ नुसती बघत राहिली.

“मामा, यातली ईएलसीबी कुठली?”

मी डावीकडची मोठी, चार पोलची वस्तू दाखवली.

“मग हिचं टेस्टचं बटण कुठंय?”

बटण नव्हतंच. ती वस्तू म्हणजे फोर पोल आयसोलेटर. दिसायला तशीच, रुंदीलाही तशीच, पण तो नुसता खटका. वर केला चालू, खाली केला बंद. शॉर्ट सर्किट झालं, माणूस चिकटला, तरी तो आपणहून पडत नाही. बाजारात ज्याला अजून ईएलसीबी म्हणतात, ती आजची आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा करंट ती ताडून बघते आणि फरक ३० मिलीअँपिअरपर्यंत पोचायच्या आत तोडते. ३० मिलीअँपिअर म्हणजे साधारण सात वॅटच्या एलईडी बल्बला लागतो तेवढा करंट. एवढ्याशा गळतीवर ती पडते म्हणून माणूस वाचतो. एमसीबी हे काम करत नाही, ती वायरला वाचवते. आणि माझ्याकडे तर अडीचच्या वायरवर ३२ची एमसीबी होती. “वायर आधी जळेल, ही नंतर पडेल,” भाची म्हणाली. “पडलीच तर.”

मीटरजवळचा मेन बंद करून, आत टेस्टरने खात्री करून तिने एसीवाली एमसीबी काढली. प्लास्टिक पिवळं पडलेलं. आयएसआयचा शिक्का होता, खाली सीएम/एलने सुरू होणारा लायसन्स नंबरही होता. तो तिने, आयएसआय शिक्का देणारी सरकारी संस्था बीआयएस, तिच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घातला. एमसीबीवर नाव एका कंपनीचं, ॲपमध्ये लायसन्स निघालं तिसऱ्याच कोणाचं, तेही वेगळ्याच वस्तूचं. दुसरी काढली, तिच्यावरही तोच नंबर. मग एक फोडली. एमसीबीच्या आत ठिणगी विझवायला पातळ पत्र्यांची चळत असते. शॉर्ट सर्किट झालं की आत जो जाळ होतो, तो त्या पत्र्यांमध्ये तुकडे होऊन विझतो. हिच्यात ती चळतच नव्हती. वर चौकटीत १०००० छापलेलं, म्हणजे १० हजार अँपिअरचा शॉर्ट सर्किट करंट सुरक्षितपणे तोडेन असा दावा, आणि आत पोकळी. आमच्या मागच्या भिंतीला लागूनच ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे शॉर्टचा करंटही मोठा. हॉलमध्ये शॉर्ट झालं असतं तर ही हातभर लांब उभ्या माणसाच्या तोंडावर फुटली असती.

शेवटी तिने नातवाच्या कंपासपेटीतलं चुंबक मागितलं. एमसीबीच्या ओळीला करंट पुरवणारी जी पट्टी असते, बसबार, ती तांब्याची हवी. चुंबक टच्चकन चिकटलं. लोखंडाला वरून तांब्याचा रंग. (घरी करून बघणार असाल तर पुरवठा बंद झाल्याची खात्री जाणत्या माणसाकडून करून घ्या, आणि चुंबक स्क्रूला लावू नका; स्क्रू खऱ्या डीबीतही लोखंडीच असतात.)

कंत्राटदाराला बोलावलं. आला, चहा घेतला. म्हणाला, “काका, कोटेशन बघा की. ईएलसीबी प्रोव्हिजनसह. प्रोव्हिजन म्हणजे जागा. तुम्हाला पुढं कधी बसवायची असली तर डब्यात जागा ठेवलीय.” मग नामांकित कंपनी? “डबा नामांकितच आहे.” खोट्या एमसीबीबद्दल मात्र त्याचं म्हणणं, मलाच दुकानदाराने फसवलं. आयसोलेटर बसवून ईएलसीबीची जागा व्यापली होती, तर मग ‘जागा’ कुठे राहिली, हे मला त्या वेळी सुचलं नाही. रात्री अंथरुणात सुचलं.

सहा हजार रुपये परत दिले त्याने, तेही मेहुण्याने रेटा लावला म्हणून. ग्राहक पंचायतीच्या एका कार्यकर्त्याला विचारलं. त्यांनी सांगितलं, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून व्यापारी कारणासाठीची खरेदी वगळलेली आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे, पण भाड्याने दिलेल्या हॉलच्या बाबतीत समोरचा वकील हाच मुद्दा आधी काढणार. शिवाय बिल कुठंय? १९१५ या हेल्पलाइनवरही पहिला प्रश्न बिलाचाच आला. खोट्या आयएसआय शिक्क्याची तक्रार मी बीआयएसच्या ॲपवर फोटोसकट टाकली आहे.

नवीन काम दुसऱ्या, स्वतःच्या नावाचं लायसन्स असलेल्या माणसाला दिलं. वाचवले होते १४ हजार, दुरुस्तीला गेले ४१. नवी आरसीसीबी बसवली तर ती थांबेचना, चढवली की पडायची. तो म्हणाला, “वस्तू बरोबर आहे, तुमच्या वायरिंगमध्ये काहीतरी आहे.” दीड दिवस शोधल्यावर कूलरच्या सॉकेटमध्ये सापडलं. तिथे अर्थिंगची वायर आलेलीच नव्हती, म्हणून न्यूट्रलचाच, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरचाच, तुकडा अर्थच्या पिनला जोडून दिला होता. कूलरला लोखंडी पाइप, त्या वाटेने करंट जमिनीत, परत येणारा कमी, म्हणून आरसीसीबी पडायची. तो न्यूट्रल जरा ढिला झाला की कूलरचं सगळं अंग जिवंत. त्या मुलीला जे बसलं ते ओलीमुळे नव्हतं. असल्या वेळी ‘उगाच पडते’ म्हणून आरसीसीबी बायपास करून देणारे वायरमन गावोगाव आहेत. तुमच्याकडे आला तर पैसे द्या आणि घालवून द्या.

या वेळचं कोटेशन दीड पानाचं आहे. प्रत्येक एमसीबीची कंपनी, अँपिअर, पोल, दिव्यांना बी कर्व्ह की एसीला सी (चालू होतानाचा झटका किती सोसायचा ते), किती केए, म्हणजे किती हजार अँपिअरचा शॉर्ट तोडणार. आरसीसीबी किती अँपिअरची, किती मिलीअँपिअरची. कुठली वायर किती एमएमची. ‘प्रोव्हिजन’, ‘नामांकित’, ‘स्टँडर्ड’ हे शब्द मी स्वतः पेनाने खोडले. माल माझ्यासमोर खोक्यातून निघाला, प्रत्येक नंबर ॲपमध्ये घालून बघितला, दुकानदाराने जीएसटीचं बिल थेट माझ्या नावावर केलं. नवा माणूस हसत होता, पण थांबला.

डबा तेवढा खरा निघाला. तो तसाच ठेवला, आतलं सगळं बदललं.

आता दर महिन्याच्या एक तारखेला भाडं घ्यायला वर गेलो की आधी ‘टी’ लिहिलेलं बटण दाबतो. खटकन पडते. हॉलमध्ये अंधार होतो, पोरं ओरडतात, क्लासवाले सर वैतागतात. वैतागू देत.