स्टार्ट बटण: मधे की डावीकडे?

विंडोज ९५ पासून स्टार्ट बटण डाव्या कोपऱ्यात ठाण मांडून होतं. (२०१२ मध्ये विंडोज ८ ने ते काढूनच टाकलं होतं, तो उपद्व्याप फार टिकला नाही.) २०२१ च्या विंडोज ११ ने ते टास्कबारच्या (स्क्रीनच्या तळाच्या पट्टीच्या) मधोमध आणलं. सेटिंगमधून परत डावीकडे नेता येतं, म्हणजे निवड आपली.

कोपऱ्याची गंमत अशी, की तिथे नेम धरावा लागत नाही. माउस डावीकडे खाली भिरकावा, पॉइंटर कडेला जाऊन आपोआप थांबतो. डोळे दुसरीकडे असले तरी क्लिक बरोबर लागतं. मधल्या बटणाला खालची कड तेवढी मिळते, आडवा नेम आपणच साधायचा. त्यात पिन न केलेला, म्हणजे टास्कबारवर कायमचा न लावलेला, एखादा प्रोग्रॅम उघडला की आयकॉनची सगळी रांग जराशी डावीकडे सरकते, सोबत स्टार्ट बटणही. दोन प्रोग्रॅम उघडे असताना ते एका जागी, आठ असताना दुसरीकडे. हाताला सवय लागणार तरी कशी?

मधल्या मांडणीच्या बाजूने मला एकच मुद्दा पटतो: रुंद मॉनिटर. अल्ट्रावाइड स्क्रीनवर कोपरा गाठायला मान वळवावी लागते, मधलं बटण नजरेसमोर असतं. दिसायला छान वगैरे ठीक आहे.

विंडोज की दाबून सरळ नाव टाइप करणाऱ्यांना या वादाशी देणंघेणं नाही. मी मात्र लॅपटॉपवर बटण डावीकडेच ठेवलंय.