बी.ए.ला पाली घ्यावं का? माझा अनुभव

मी जालना जिल्ह्यातली, घरी पिढीजात पंढरीची वारी. बी.ए.ला पाली, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांची भाषा, घेतली तेव्हा आजोबा म्हणाले, "धर्म शिकायला कॉलेज कशाला गं?" पण वर्गात कुणी तुमची श्रद्धा विचारत नाही. ग्रंथ कधीचा, कुणी जपला, कुणासाठी, हे विचारतात. मला तेच हवं होतं. धम्मपदात, म्हणजे बुद्धवचनांच्या पाली ग्रंथात, 26 वग्ग (प्रकरणं), 423 गाथा (श्लोक). विभक्ती चुकली की सर अख्खी गाथा पुन्हा म्हणायला लावायचे.

सगळ्यात मोलाची वाटली ती छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठामागच्या डोंगरातली बौद्ध लेणी. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या, म्हणजे संकटातून सोडवणाऱ्या बोधिसत्त्वाच्या, दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरलीत: आग, हत्ती, बुडती नाव. मॅडमनी बॅटरीचा उजेड तिरपा धरला आणि हात जोडलेली इवलीशी माणसं एकदम उठून दिसली. पुस्तकात हे कळलंच नसतं.

आमच्या कॉलेजात मात्र शिक्षक तासिका तत्त्वावर. दिवाळीनंतर तास कितीतरी दिवस बंदच. पाली शब्दकोशाची एकच प्रत, तीही घरी मिळत नाही. हा मुलांवर अन्याय आहे. पुढे पालीत नेट (प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा) देता येते, तरी जोडीला दुसरा विषय भक्कम ठेवा. धाकट्या भावालाही मी पालीच घे म्हणणार आहे, फक्त प्रवेशाआधी कायम शिक्षक आहेत का ते विचारून.