चासीला पुट्टी भरून दिली, २,९८,५०० रुपये गेले

जुना ट्रक दुरुस्त करून पुन्हा उभा करायला काढलेल्यांनी हे वाचाच. गाडी १९६४ ची टाटा मर्सिडीज-बेंझ, टेल्को आणि डायम्लर-बेंझचा करार असतानाची, पुढच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा असलेली. चासीचे, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचे, मागचे दोन क्रॉस मेंबर (आडवे दांडे) गंजलेले आणि उजव्या चॅनेलला (लांब तुळईला) स्प्रिंगच्या पाट्याच्या हँगरजवळ तडा. बाकी चासी ठणठणीत होती.

मिस्त्रीशी ठरलं होतं ते असं: दोन्ही क्रॉस मेंबर नवे, तड्याला व्ही आकाराची खाच पाडून ७०१८ या मजबूत जोडाच्या रॉडने वेल्डिंग, आतून आधाराला ६ मिमीची लायनर प्लेट, जुन्याच भोकांत गरम रिवेट (तापवून ठोकून बसवायचे खिळे). दर २,८०,०००. अ‍ॅडव्हान्स १,४०,०००, मग ‘चॅनेल आणायचाय’ म्हणून ६२,०००, गाडी नेताना ७८,०००. सँडब्लास्टिंगचे वेगळे १८,५००. पक्कं बिल नाही, वहीतून फाडलेली चिठ्ठी. पक्कं बिल मिळत नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

चौथ्या महिन्यात मागून जॅक लावला आणि काळ्या रंगात केसाएवढी रेघ उमटली. नखाने खरवडली तर पोपडा सुटला. चुंबक लावला, चिकटेना. पुट्टीखाली ३ मिमीचा पत्रा, आणि पत्र्यामागे जुना क्रॉस मेंबर गंजासकट तसाच. दोन पत्र्यांमध्ये अडकलेला गंज फुगतो आणि वरचा पत्रा उचलतो, म्हणून रंग फाटला. रिवेट म्हणून दाखवलेले सगळे साधे बोल्ट, ग्राइंडरने डोकी गोल केलेली. तड्याच्या टोकाला भोक पाडलं नव्हतं, त्यामुळे तो वर मारलेल्या पट्टीच्या बाहेर ४० मिमी पुढे सरकला. सगळ्यात वाईट म्हणजे पट्टी फ्लँजवर, म्हणजे चॅनेलच्या वरच्या-खालच्या आडव्या काठावर, आडवी वेल्ड केली. चासी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण वरच्या-खालच्या फ्लँजवर येतो. तिथे आडवं वेल्डिंग म्हणजे नव्या तड्याला आमंत्रण. फ्लँजला भोकही पाडू देऊ नका. पट्टी उभ्या भागावरच, आणि तिची टोकं तिरकी कापलेली.

मला हे तेव्हाच कळायला हवं होतं, याचीच जास्त चीड येते. काम चालू असताना गेलो तेव्हा गाडीखाली ६०१३ रॉडचं रिकामं पाकीट पडलं होतं. पाकिटावरचा आकडा मी वाचला, विचारलंही. ‘साहेब, ते केबिनच्या पत्र्याला.’ पातळ पत्र्याला ६०१३ खरंच वापरतात, म्हणून पटलं. मी अडाणी नाही, कोणालाही पटलं असतं. पण मग ७०१८ चं पाकीट कुठाय, हा एक प्रश्न मी विचारला नाही. कापलेले जुने तुकडे मागितले तर ‘भंगारात गेले’. तुकडेच नव्हते, कारण कापलंच नव्हतं! जुने तुकडे ताब्यात आल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

पोलीस ठाण्यात चार खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा अर्ज ठेवून घेतला पण पोच दिली नाही. तिसऱ्यांदा ‘दिवाणी मामला आहे, कोर्टात जा’. चौथ्यांदा त्या मिस्त्रीला बोलावलं, चहा पाजला आणि मलाच ‘मिटवून टाका’ म्हणाले. बोल्टला रिवेट म्हणून विकणं दिवाणी मामला कसा होतो? आरटीओत गेलो तर चासीला परवानगीशिवाय हात का लावला, म्हणून मलाच मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ऐकवलं. फसवणाऱ्याच्या दारात यांच्यापैकी एकही जण गेला नाही. ग्राहक आयोगात पहिला प्रश्न, ‘ट्रक म्हणजे व्यावसायिक वापर ना?’ ही गाडी एक खेपही भाड्याने मारत नाही, हे पटवण्यातच दोन तारखा गेल्या. तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे, बसून राहू नका.

गाडी ताब्यात घेण्याआधी ओळंबा घेऊन जा. सपाट फरशीवर चारही हँगरच्या पिनांपासून ओळंबा सोडा, खडूने खुणा करा आणि कर्ण मोजा. माझ्या गाडीत ११ मिमीचा फरक निघाला; ३ च्या वर असेल तर गाडी हलवू नका. छोट्या हातोडीने चॅनेल ठोकत जा, पुट्टीवर आवाज बसका येतो. प्रायमर मारायच्या आधी स्वतः जाऊन बघा. त्यांनी पाठवलेल्या फोटोंवर जाऊ नका, मला आलेले सँडब्लास्टिंगचे फोटो दुसऱ्याच चासीचे होते, भोकं मोजल्यावर कळलं. चासी नंबर असलेल्या भागाजवळ कटर जाऊ देऊ नका.

आता दुसऱ्या ठिकाणी हे सगळं उसवून नव्याने करायचे १,१५,००० ठरलेत. निघालेला ३ मिमीचा पत्रा आणि गोल डोक्याचे २२ बोल्ट गोणीत बांधून ठेवलेत, पुढच्या तारखेला आयोगापुढे ओतायला.