घरगुती ड्राफ्ट बिअर संच: यंत्र चोख, नळी आखूड

एका केगपुरता (म्हणजे बिअरच्या धातूच्या पिंपापुरता) फ्रिज, त्यावर स्टीलचा टॉवर आणि तोटी, वायूचा दाब कमी-जास्त करणारा दोन तबकड्यांचा रेग्युलेटर, कार्बन डायऑक्साइडचा लहान सिलिंडर आणि 19 लिटरचा बॉल लॉक (दाबून बसवायच्या जोडांचा) केग असा हा संच आहे. फ्रिज आणि रेग्युलेटर यांना नाव ठेवायला जागा नाही. मात्र उत्पादकाने जी काटकसर केली आहे ती नेमकी ग्लासात दिसते.

जोडणी सोपी आहे. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामधला नायलॉनचा वॉशर एकदा आवळला की दबतो, तरीही तो जादा दिलेला नाही. केगच्या झाकणाच्या ओ-रिंगला (गळती रोखणाऱ्या रबरी कड्याला) खाद्योपयोगी सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवून, सुरुवातीला 30 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब देऊन झाकण बसवावे आणि मग प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून पाहावे, कारण बारीकशी गळतीही रात्रीतून सिलिंडर रिकामा करू शकते. सिलिंडरकडची तबकडी पाहून वायू किती उरला हे कळत नाही. आत द्रवरूप वायू असेपर्यंत काटा तापमानाप्रमाणेच हलतो. शिल्लक समजायची तर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावा.

खरी तक्रार फेसाची आहे. सोबत दिलेली नळी जेमतेम दीड मीटरची आहे, आणि फेस आल्यास दाब कमी करावा असा माहितीपुस्तिकेचा सल्ला आहे. तो त्या दिवसापुरता लागू पडल्यासारखा वाटतो, पण बिअरमध्ये किती वायू विरघळलेला राहील हे तापमान आणि दाब मिळून ठरवतात. 3 अंश सेल्सिअसला 12 पीएसआय दाब असेल, तर बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट वायू टिकतो. दाब निम्म्यावर आणला की तोच वायू नळीतच सुटू लागतो, फेस उलट वाढतो आणि काही दिवसांनी उरलेली बिअर बेचव, सपक होते. यावर उपाय म्हणजे दाब आहे तसाच ठेवून नळी लांब घेणे. आतून सुमारे 5 मिलिमीटर व्यासाची तीन मीटर नळी बसवली की वाटेतल्या घर्षणाने जोर ओसरतो आणि बिअर तोटीतून शांतपणे उतरते. धार फारच मंद वाटली तर नळी थोडी थोडी कापता येते. आखूड नळी मात्र वाढवता येत नाही.

दोष कुठे आहे हे पारदर्शक नळी बरेचसे सांगून टाकते. दोन ग्लासांच्या मधल्या वेळेत नळीत वायूचे पोकळ तुकडे साचत असतील, तर दाब कमी पडतो आहे. केगकडच्या जोडापासूनच बुडबुड्यांची माळ निघत असेल, तर केगच्या तळातून बिअर वर आणणाऱ्या आतल्या लांब नळीची ओ-रिंग बदलावी. फक्त पहिलाच ग्लास फेसाळत असेल, तर टॉवर गरम आहे. फ्रिजमधली थंड हवा वर ढकलणारा छोटा पंखा तिथे पुरतो, आणि या किमतीच्या वर्गात तो आधीच बसवलेला हवा होता. थर्मामीटरही फ्रिजच्या हवेत न धरता, ओतलेल्या दुसऱ्या ग्लासात बुडवावा. आणि तोटी नेहमी एका झटक्यात पूर्ण उघडावी. अर्धवट उघडली की उत्तम संचही फेसच देतो.

तोटी मागच्या बाजूने बंद होणाऱ्या जुन्या धाटणीची आहे. तिच्या तोंडात उरलेली बिअर वाळून चिकट होते, आणि चार दिवस वापर नसला की दांडा हलता हलत नाही. पुढून बंद होणारी तोटी घेतल्यास ही कटकट बरीच कमी होते. सफाईचे साहित्य संचात अजिबात नाही, ही मोठीच उणीव म्हणावी लागेल. नळी दर दोन आठवड्यांनी अल्कधर्मी द्रावणाने धुवावी लागते. कॅल्शियम ऑक्झलेटचा जो कठीण थर जमतो तो त्याने सहसा निघत नाही, त्यासाठी अधूनमधून आम्लयुक्त द्रावण लागते. संच मागवतानाच ही दोन्ही द्रावणे, तीन मीटर नळी आणि मूठभर वॉशर सोबत मागवावेत.