कुळागरातला बिनतारी टाकी कंट्रोलर : चवथ ते शिगमो

गोव्यात सावईवेऱ्याला आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, उतारावर आहे. पंप खाली व्हाळापाशी, २००० लिटरची टाकी वर, मध्ये दोनशे मीटर पोफळी. माकडांनी दोनदा केबल तोडली, तेव्हा फोंड्याहून हा संच आणला. कंपनीचं नाव लिहीत नाही.

टाकीवर सेन्सर, पंपाला रिले (पंप चालू-बंद करणारा स्विच), मध्ये ८६५ मेगाहर्ट्झचा रेडिओ. त्याला परवाना लागत नाही. आधीचा डबा दर दहा सेकंदांनी पातळी सांगायचा आणि महिन्यात सेल खायचा. हा पातळी ५ सेंटिमीटर हलली तरच बोलतो. गणेश चवथीला घातलेले सेल अजून चालू आहेत. पाटाला पाणी सोडलं की टाकी भरलेली असताना चार मिनिटांनी मेसेज येतो, पाव उंचीवर आल्यावर आठ मिनिटांनी. धार उंचीच्या वर्गमुळाने घटते, हे मी पॉलिटेक्निकात पंचवीस वर्षं फळ्यावर लिहिलं. मोजून पाहिलं ते आता, निवृत्तीनंतर.

मग हाव सुटली, ५ चं १ सेंटिमीटर केलं. पंप लागला की टाकीत लाटा, आणि मेसेजांचा नुसता भडिमार. २००७ साली नियंत्रणशास्त्राचे संशोधक पाउलो ताबुआदांनी सिद्ध केलं होतं की मेसेज कधी पाठवायचा याचा नियम नीट निवडला तर दोन मेसेजांत किमान अंतर राहतंच, नाहीतर झेनोच्या कासवाची गत : अंतर घटत घटत थोड्या वेळात अगणित मेसेज. पण त्यांच्या कागदावर लाटा नव्हत्या. मी हातानेच २० सेकंदांचं अंतर घातलं, मुकाट्याने परत ५ वर आलो.

खरा राग वेगळाच आहे. परतीच्या पावसात, घरासाठी पाणी चढवताना, ‘टाकी भरली’ हा मेसेज ओल्या झावळ्यांत कुठेतरी हरवला. पोच घेण्याची सोय नाही, त्यामुळे सेन्सरच्या लेखी काम झालं. आणि टाकी काठोकाठ वाहू लागली की पातळी हलतच नाही, म्हणजे हा पुन्हा तोंड उघडणार नाही! खाली रिले समजतो, वर सगळं ठीक. पहाटे गड्याची हाक, ‘‘भाटकारानू, उदक व्हांवता!’’ मिरीची नवी रोपं मातीसकट खाली गेली होती. कस्टमर केअरवाला म्हणतो, ‘‘सर, मेसेज गेलेला दिसतोय.’’ गेला रे बाबा, पोचला का?

‘दहा मिनिटं काही ऐकू आलं नाही तर पंप बंद’ अशी सेटिंग आहे, पण माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, आणि कारखान्यातून बंद करून येते. घेणार असाल तर टाकीवर चढण्याआधी ती चालू करा. पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण सेलांसाठी वाढवला असता, पण मिरी अजून रुजायची आहे.